पहिले पन्नास टर्न

सिव्हिलायझेशन ६ या कॉम्प्युटर गेममधे, जिथे एका शहरापासून साम्राज्य उभं करायचं असतं, स्टँडर्ड स्पीडला ५०० टर्न, म्हणजे खेळी, असतात आणि माझं ठाम मत आहे की गेम जिंकायचा की नाही हे त्यातल्या पहिल्या पन्नासात ठरतं. नंतरचं सगळं, म्हणजे रॉकेट सोडणं, राजधान्या घेणं, टुरिस्ट खेचणं, हे दिसायला मोठं असतं, त्याचे स्क्रीनशॉट लोक टाकतात, पण पहिल्या पन्नास टर्नचा स्क्रीनशॉट कोणी टाकत नाही कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. एक शहर, एक वॉरियर म्हणजे सैनिक, आजूबाजूला धुकं म्हणजे अजून न बघितलेला नकाशा, आणि वर कोपऱ्यात दोन-चार आकडे. मला तो भाग सगळ्यात जास्त आवडतो. रात्री जेवणं आटपली की लॅपटॉप उघडून नवीन मॅप सुरू करायचा आणि पन्नासाव्या टर्नपर्यंत खेळायचं, कधीकधी तिथेच थांबून दुसऱ्या दिवशी परत नवीन मॅप, असंही मी करते आणि मला त्यात अर्धवट राहिल्यासारखं अजिबात वाटत नाही.

आता हे पन्नास टर्न इतके महत्त्वाचे का, तर त्यासाठी थोडा हिशोब करायला लागतो, कंटाळा करू नका.

गेम सुरू होतो तेव्हा एक सेटलर, म्हणजे नवीन शहर वसवणारा, असतो. तो कुठे बसवायचा हा पहिला निर्णय. सपाट गवताळ टाइलवर, म्हणजे नकाशाच्या एका घरावर, शहर वसवलं तर शहराच्या मधल्या टाइलमधून २ फूड (अन्न) आणि १ प्रॉडक्शन (बांधकामाची ताकद) मिळतं. तेच प्लेन्स हिलवर, म्हणजे टेकाडावर वसवलं तर २ फूड आणि २ प्रॉडक्शन. राजवाड्याचं २ प्रॉडक्शन वेगळं. आणि शहरात जो एक नागरिक असतो तो समजा जंगल असलेल्या हिरव्या टेकडीवर कामाला लागला, तर त्याचे २ फूड, २ प्रॉडक्शन. म्हणजे सपाटीवर एकूण ५ आणि टेकाडावर एकूण ६. फरक एकाचा. ८० प्रॉडक्शनचा सेटलर पाचाच्या गतीने १६ टर्नमधे होतो आणि सहाच्या गतीने १४ मधे. दोन टर्न! काय मोठंसं, असं वाटतं ना. पण ते दोन टर्न दुसऱ्या शहराला लवकर मिळतात, त्यामुळे दुसऱ्या शहराचा पहिला बिल्डर, म्हणजे शेतं-खाणी करणारा, लवकर येतो, त्याची खाण लवकर होते, तिच्यातून तिसरं शहर लवकर येतं, आणि शंभराव्या टर्नला बघितलं तर एकाच मॅपवर सुरुवात केलेले दोन खेळ ओळखू येत नाहीत इतके वेगळे झालेले असतात. एकाच टेकाडामुळे.

म्हणून पहिल्या टर्नला सेटलर शेजारच्या टेकाडावर न्यायला एक टर्न लागत असेल तर मी तो देते. दोन लागत असतील तर विचार करते. तीन लागत असतील तर नाही, मग आहे तिथेच बसायचं.

प्रॉडक्शनबद्दल एक गोष्ट आहे जी नवीन खेळणाऱ्याच्या लवकर लक्षात येत नाही. गोल्ड साठवता येतं. फेथ (श्रद्धेचे गुण) साठवता येतो. गॅदरिंग स्टॉर्म हे एक्सपान्शन आल्यापासून, म्हणजे २०१९ पासून, घोडे आणि लोखंडसुद्धा साठवता येतात, वीस लोखंड जमलं की एक स्वॉर्ड्समन. पण प्रॉडक्शन कोठारात ठेवता येत नाही. ते दर टर्नला शहरातून निघतं आणि त्याच टर्नला कशात तरी घालायलाच लागतं, एखादी गोष्ट पूर्ण होऊन वर थोडं उरलं तर ते पुढच्या कामाला जातं इतकंच. शहराला काम दिलं नसेल तर गेम पुढचा टर्न घेऊच देत नाही, आधी सांग काय बांधायचं. म्हणजे आज जे सहा आले ते आजच कुठेतरी गेले, आणि ते कुठे गेले हे परत बदलता येत नाही. अर्धवट ठेवून दुसरं काम सुरू करता येतं, अर्धं काम तसंच पडून राहतं, वाया जात नाही, पण ते प्रॉडक्शन परत हातात येत नाही. मला तर वाटतं की प्रॉडक्शन हे रिसोर्स नाहीच, तो वेळ आहे, गेमने त्याला फक्त आकडा चिकटवलाय.

आणि गोल्डने हा वेळ विकत घेता येतो, पण महाग पडतो, एका प्रॉडक्शनला चार गोल्ड. पहिला सेटलर ८० चा, तोच विकत घ्यायचा तर ३२०. सुरुवातीला दर टर्नला पाच-सहा गोल्ड येत असताना ३२० म्हणजे जन्म जाईल. तरी कुठल्या शेजाऱ्याशी ओळख झाली आणि आपल्याकडे एखादं लक्झरी रिसोर्स जास्तीचं असलं तर ते विकून बऱ्यापैकी गोल्ड येतं, आणि ते मी कधीच सैन्यावर घालत नाही, सेटलर नाहीतर बिल्डर. सैन्य घ्यायची वेळ आली तर ती येतेच, ती वेगळी गोष्ट.

मग काय बांधायचं आधी? माझा क्रम जवळजवळ ठरलेला आहे, आधी स्काउट (टेहळ्या), मग स्लिंगर (गोफणवाला), मग सेटलर. यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. काहीजण म्हणतात स्काउट कशाला, थेट सेटलर. पण थेट सेटलर करताच येत नाही, कारण शहराची लोकसंख्या दोन झाल्याशिवाय सेटलरचं बटण उघडतच नाही. एकाचे दोन व्हायला १५ फूड लागतं. मघाशी सांगितलेल्या शहरात येतं ४ फूड, त्यातलं २ तो एक नागरिक खातो, उरलं २, म्हणजे आठ टर्न. त्या आठ टर्नमधे शहर रिकामं बसणार नाहीये, काहीतरी बांधणारच, तर ३० चा स्काउट पाच टर्नमधे होतो आणि राहिलेल्या टर्नमधे ३५ चा स्लिंगर अर्धा होतो. म्हणजे सेटलरला उशीर न होता स्काउट पदरात पडतो. मला हा हिशोब पहिल्यांदा कळला तेव्हा फार आनंद झाला होता, कारण इतके दिवस जी गोष्ट सगळे सवयीने करतात ती का करतात हे दिसलं. आणि स्काउट लवकर सुटला की गावं सापडतात, सिटी-स्टेट, म्हणजे एकाच शहराची छोटी राज्यं, सापडतात, एखाद्या सिटी-स्टेटला पहिल्यांदा आपणच भेटलो तर एक एन्व्हॉय (दूत) फुकट, आणि मुख्य म्हणजे दुसरं शहर कुठे बसवायचं ती जागा दिसते. जागाच माहीत नसेल तर सेटलर घेऊन फिरत बसणार का धुक्यात.

स्लिंगरचं कारण वेगळं. बार्बेरियन, म्हणजे कोणत्याच देशाच्या नसलेल्या टोळ्या. त्यांचा एक स्काउट फिरत फिरत येतो, आपलं शहर बघतो, त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह येतं आणि तो परत त्याच्या कॅम्पकडे पळतो. तो कॅम्पला पोचला की संपलं, मग टोळी येते. म्हणून तो दिसला की त्याला अडवायचं, मारायचं, नाहीतर निदान वाट चुकवायची. आणि स्लिंगरने कोणालाही मारलं की आर्चरी या तंत्रज्ञानाला बूस्ट मिळतो, ४० टक्के संशोधन आयतं. एकाच गोष्टीतून दोन कामं निघाली पाहिजेत, सुरुवातीच्या पन्नास टर्नमधे मी हेच शोधत असते. तीन टाइल सुधारल्या की क्राफ्ट्समनशिप या सामाजिक शोधाला बूस्ट मिळतो आणि ५० च्या बिल्डरला तीनच चार्ज, म्हणजे तीनच कामं, असतात, म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी ते जुळवूनच ठेवलंय, पहिल्या बिल्डरचे तिन्ही चार्ज टाइल सुधारण्यात घातले की क्राफ्ट्समनशिप लवकर येतं, त्यातून इल्कम नावाचं धोरणाचं कार्ड मिळतं, ते लावलं की पुढचे बिल्डर ३० टक्के जास्त वेगाने होतात. मग साम्राज्याची लोकसंख्या सहा झाली की अर्ली एम्पायर या शोधाला बूस्ट, त्यातून कॉलोनायझेशन कार्ड, सेटलरसाठी ५० टक्के जास्त. सहाचे नऊ होतात! या कार्डाच्या आधी एक किंवा दोन सेटलर काढायचे आणि बाकीचे कार्ड आल्यावर रांगेने, असं मी करते. रांगेने म्हणजे खरंच रांगेने, तीन शहरं असतील तर तिन्हीकडे सेटलर, कारण ते कार्ड लावलेलं असताना दुसरं काही बांधणं म्हणजे कार्डाची जागा वाया घालवणं.

सेटलरची खरी किंमत ८० नाही, हे मला आबांनी दाखवलं. आबा म्हणजे माझे वडील. माथाडी कामगार होते, आधी मशीद बंदरला आणि मग मसाला मार्केट वाशीला आलं तसे तेही इकडे आले आणि आम्ही कोपरखैरण्याला राहायला आलो, मूळ गाव पाटण तालुक्यात. ते टीव्हीवरच्या बातम्या संपल्या की माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि बघत राहतात. गेम त्यांना येत नाही, यायची गरजही नाही, पण प्रश्न असे विचारतात की मी दोन मिनिटं माउस सोडून बसते.

एकदा सेटलर तयार झाला आणि शहराचा आकडा तीनवरून दोनवर आला.

"एक माणूस कुठं गेला गं?"

"तोच गेला आबा, नवीन गाव वसवायला. एक माणूस कमी होतो इथला."

"मग हितलं काम कोण करणार?"

"कोणी नाही. तो वाढेपर्यंत थांबायचं."

"म्हंजी बियाणंच की ते," आबा म्हणाले. "खायाचं नाही म्हणून बाजूला काढल्यालं."

मी कित्येक व्हिडिओ बघितलेत, मोठमोठ्या आकडेमोडीच्या शीट बघितल्यात, पण सेटलर म्हणजे काय हे इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. तीन माणसांच्या शहरातून एक गेला की एक टाइल रिकामी पडते, तिचं प्रॉडक्शन बंद, आणि परत दोनाचे तीन व्हायला २४ फूड लागतं, म्हणजे तेवढे टर्न शहर मागे पडतं. ८० प्रॉडक्शन अधिक एक माणूस अधिक तो माणूस परत येईपर्यंतचे टर्न, ही सेटलरची किंमत. सिव्ह ५ मधे, म्हणजे याच गेमच्या आधीच्या भागात, असं नव्हतं, तिथे माणूस कमी व्हायचा नाही पण सेटलर बनत असेपर्यंत शहराची वाढच थांबायची, जास्तीचं अन्न त्या सेटलरमधेच जायचं. माझा भाचा फोनवर अनसिव्ह खेळतो, ते फुकट आहे आणि सिव्ह ५ च्याच धर्तीवर बनवलंय, त्यामुळे त्याला ती सवय आहे आणि लॅपटॉपवर बसला की तो शहराची लोकसंख्या दोन झाली रे झाली की सेटलर दाबतो. मी म्हणते अरे थांब, तीन होऊ दे, दोनातून एक गेला तर मागे एकच राहतो आणि एका माणसाच्या शहरात काय होणार. सेटलर पूर्ण व्हायच्या टर्नलाच लोकसंख्या वाढेल असं जुळवायचं, टाइल बदलून बदलून, कधी जास्त फूडची टाइल, कधी जास्त प्रॉडक्शनची. हे जुळवण्यात मला जी मजा येते ती मी सांगू शकत नाही. नागरिकांना हाताने टाइलवर बसवायची सोय गेममधे आहे आणि बरेच लोक ती वापरतच नाहीत, शहर आपोआप ठरवतं त्यावर सोडून देतात. पहिल्या पन्नास टर्नमधे तरी सोडू नका. नंतर सोडा खुशाल.

शिवाय प्रत्येक सेटलर मागच्यापेक्षा ३० ने महाग होतो. ८०, ११०, १४०, १७०. बिल्डरही वाढतो पण चारच्या पायरीने. म्हणून सेटलर आधी आणि देवळं, वंडर (जगप्रसिद्ध वास्तू), सगळं नंतर असं माझं म्हणणं. भाच्याला स्टोनहेंज फार आवडतं. १८० प्रॉडक्शन. पहिले दोन सेटलर मिळून होतात १९०. म्हणजे दहा अजून घातले की स्टोनहेंजऐवजी दोन शहरं, आणि वर स्टोनहेंज दुसऱ्या कोणी आधी बांधलं तर ते आपल्याला मिळतच नाही. शहर असं हातातून जात नाही, वसवलं की वसवलं.

जंगलतोडीबद्दल लिहायला पाहिजे कारण सुरुवातीच्या प्रॉडक्शनचा तो सगळ्यात मोठा आणि सगळ्यात वादाचा भाग आहे. बिल्डरने जंगल तोडलं की एकरकमी प्रॉडक्शन मिळतं, शहर जे बांधत असेल त्यात पडतं, आणि मॅग्नस नावाचा गव्हर्नर त्या शहरात असेल तर दीडपट. कॉलोनायझेशन कार्ड लावून, मॅग्नस बसवून, जंगल तोडून सेटलर काढणं ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे आणि ती चालते, यात शंका नाही. मॅग्नसची एक पुढची बढती घेतली तर सेटलर निघताना माणूससुद्धा कमी होत नाही. पण तोडलेलं जंगल गेलं. त्या टाइलचं दर टर्नचं १ प्रॉडक्शन गेलं. आणि तोडीतून मिळणारा आकडा जसजसं आपलं तंत्रज्ञान पुढे जातं तसतसा वाढत जातो, म्हणजे विसाव्या टर्नला तोडलेलं जंगल शंभराव्या टर्नला तोडलेल्यापेक्षा कितीतरी कमी देतं. तरीही लवकर तोडावं असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा हा की विसाव्या टर्नचं २० हे शंभराव्या टर्नच्या ६० पेक्षा मोठं आहे, कारण मधल्या ऐंशी टर्नमधे त्या २० ने काय काय उभं केलं ते बघा. मला हे पटतं. फक्त टेकडीवरचं जंगल मी ठेवते, तिथे नागरिक काम करतोय, ती टाइल मुळातच चांगली आहे. सपाटीवरचं, कोणी काम करत नसलेलं, ते आधी. आणि दलदल असेल तर ती साफ करून फूड मिळतं, त्यातून लोकसंख्या एकदम उडी मारते.

दलदल म्हटलं की मला आमची खाडी आठवते आणि मग माझं डोकं गेममधून बाहेर येऊन या शहरात फिरायला लागतं. नवी मुंबईत राहणाऱ्याला हा गेम वेगळा दिसतो असं मला खरंच वाटतं, कारण हे शहर कोणीतरी असंच बसून, नकाशा पुढ्यात घेऊन, आधी काय आणि मग काय असं ठरवून बांधलेलं आहे. १९६५ च्या सुमाराला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलं की मुंबई उत्तरेला लांबच लांब पसरत ठेवण्यापेक्षा खाडीच्या पलीकडे दुसरं शहर करावं. मार्च १९७० मधे त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. १९७३ ला वाशीचा खाडीपूल सुरू झाला. आणि मानखुर्दहून वाशीला लोकल आली १९९२ ला. पूल आणि लोकल यांच्या मधे जवळपास वीस वर्षं! त्या रेल्वेचा खर्चसुद्धा ६७ टक्के सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने असा वाटून घेतला, तेव्हा कुठे ती झाली. ठाणे-वाशी लोकल तर २००४ ची, तोपर्यंत कोपरखैरण्याहून ठाण्याला जायचं म्हणजे बसच.

मला या क्रमाकडे बघायला आवडतं. मूळ कल्पनेत सरकारी कार्यालयं इकडे यावीत, त्यांच्या मागे माणसं येतील, असं होतं. मंत्रालय काही हललं नाही, उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला भराव टाकून ऑफिसांचे टॉवर उभे राहिले. हलला तो बाजार. कांदा-बटाटा, भाजी, फळं, धान्य, मसाले, पाचही घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला आले आणि त्यांच्याबरोबर व्यापारी, ट्रकवाले, माथाडी, त्यांची कुटुंबं, त्यांच्या शाळा, खानावळी सगळं आलं. आबांना विचारलं तर ते सांगतात की काम इकडं आलं म्हणून आम्ही आलो, काम तिकडंच ऱ्हायलं असतं तर कोण येतंय. गेममधे मी याला प्रॉडक्शन आधी, हाउसिंग नंतर असं म्हणते. नुसती घरं बांधून शहर होत नाही. पण पाणीही हवं, नदीकाठी वसवलेल्या शहराला सुरुवातीला ५ हाउसिंग मिळतं, समुद्रकाठी ३ आणि पाणी नसलेल्या ठिकाणी फक्त २, लोकसंख्या त्या आकड्याजवळ आली की वाढ मंदावते. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, स्वतःच्या मालकीचं, आणि आजूबाजूच्या शहरांत उन्हाळ्यात काय होतं ते बघितलं की त्या एका निर्णयाची किंमत कळते.

आणि पैसा कुठून आला? जमिनीतून. जमीन ताब्यात घ्यायची, रस्ते-गटारं करायची, मग प्लॉट विकायचे, त्या पैशातून पुढचा नोड, म्हणजे पुढचं आखलेलं उपनगर. पहिला नोड वाशी, त्यातून बाकीचे. एका शहरातून दुसरं काढायचं, मी रात्री जे करत असते तेच.

पण इथे एक मोठा फरक आहे आणि तो मला बोचतो. गेममधली जमीन रिकामी असते. धुकं सरकलं की गवत, टेकड्या, हरणं, मधेच एखादं गाव, त्यात वॉरियर घातला की गाव काहीतरी बक्षीस देऊन नाहीसं होतं. गाव नाहीसं होतं! कुठे गेली ती माणसं, हा प्रश्न गेम विचारत नाही. आणि जे लढतात त्यांना तो बार्बेरियन म्हणतो. इथली जमीन रिकामी नव्हती. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घ्यायची ठरली, ३४४ चौरस किलोमीटरचा इलाखा, त्यात आगऱ्यांची भातशेती होती, मिठागरं होती, कोळ्यांची खाडी होती. जानेवारी १९८४ मधे उरण भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत द्यायचं धोरण आलं. आज कोपरखैरणे गावात गेलं की अरुंद गल्ल्या, जुनी घरं, देऊळ, आणि गाव संपलं की लगेच सेक्टरचे सरळ रस्ते सुरू होतात. ती रेघ मी रोज ओलांडते. नकाशा पुढ्यात घेऊन क्रम ठरवणाऱ्याला ज्या टाइल रिकाम्या वाटल्या त्या रिकाम्या नव्हत्या, आणि त्यांची किंमत कोणत्याच रांगेत धरलेली नव्हती, ती लोकांनी रस्त्यावर येऊन धरायला लावली.

यामुळे मी गेम खेळायचं सोडलं का, तर नाही. मला तो आवडतोच. पण मी गावात वॉरियर घालताना आता थांबते, आणि भाच्यालाही हे सगळं सांगितलंय, तो पंधराचा आहे, त्याला कळतं. तो म्हणाला, आत्या, मग गेममधे असं पाहिजे की गाव आपल्यात सामील होईल नाहीतर भाडं मागेल. मला ही कल्पना फार आवडली, कोणी मॉड बनवत असेल तर बनवावा.

आत्ताचा जो खेळ चालू आहे त्यात चव्वेचाळीसावा टर्न आहे. तीन शहरं. राजधानी टेकाडावर, दुसरं नदीकाठी, तिसरं जरा लांब, डोंगरांच्या कुशीत, कॅम्पससाठी, म्हणजे विद्येच्या वस्तीसाठी, मुद्दाम निवडलेलं, प्रत्येक डोंगराचं एक सायन्स जास्त मिळतं म्हणून. भाच्याचं म्हणणं आता कॅम्पस आधी. त्याचा मुद्दा चुकीचा नाही, कॅम्पससारख्या डिस्ट्रिक्टची किंमत आपलं तंत्रज्ञान वाढतं तशी वाढत जाते, ५४ पासून सुरू होते आणि थांबलं की महाग. पण डिस्ट्रिक्टची जागा एकदा टाइलवर निश्चित केली की ती किंमत तिथेच गोठते, मग काम मागाहून केलं तरी चालतं. म्हणून मी डोंगरांच्या मधे कॅम्पसची जागा धरून ठेवली आणि काम लगेच थांबवलं. राजधानीत १४० चा तिसरा सेटलर लावला, कार्ड लावलेलं आहे, राजधानीचं १२ प्रॉडक्शन कार्डामुळे १८ होतंय, म्हणजे आठ टर्न, पूर्वेच्या जंगलात एक बिल्डर उभा आहे एक चार्ज शिल्लक ठेवून, ते जंगल तोडलं की एखाद-दोन टर्न अजून वाचतील. भाचा म्हणतो पूर्वेकडची ती जागा शेजारी आधी घेईल. स्काउट तिकडेच उभा केलाय आणि शेजाऱ्याचा सेटलर अजून दिसलेला नाही, तो दिसला तर मात्र बिल्डरला उद्याच कुऱ्हाड घालायला लावणार.